नाशिकला मुक्काम कुठे करायचा? आपल्या नावाने, आपल्याला हव्या त्या वस्तीत



माजिवडा नाक्यावर एक रस्ता घोडबंदरकडे वळतो आणि दुसरा नाशिकला जातो. या दुसऱ्या रस्त्याने आपली माणसे वर्षभर ये-जा करत असतात. कुणी त्रिरश्मी लेणी पाहायला जातो, कुणी येवल्याच्या मुक्तिभूमीला, कुणी नातेवाइकांच्या लग्नाला, तर कुणी मुलाच्या परीक्षेसाठी. खोपटहून एसटी आहे, नाक्यावरून खासगी गाड्या आहेत, कल्याणहून पंचवटी एक्सप्रेस आहे. जायचे कसे हा प्रश्न कुणाला पडत नाही. वाद होतो तो उतरायचे कुठे यावर.

आमच्या मंडळाच्या दोन दिवसांच्या सहलीची चर्चा सुरू झाली तेव्हाही हेच झाले. एक जण म्हणाला, पंचवटीत उतरू, सगळे तिथेच उतरतात, खोल्या स्वस्त आहेत. दुसरा म्हणाला, पंचवटीत आपले काय काम? पाथर्डी फाट्याला उतरू, लेणी जवळ आहेत. तिसऱ्याने नाशिकरोड सुचवले, कारण तिथे मावशी राहते. तरुण पोरांना गंगापूर धरणाच्या बाजूचा रिसॉर्ट हवा होता. आणि एक ज्येष्ठ कार्यकर्ते हळूच म्हणाले, "कुठेही उतरा, फक्त बुकिंग करताना आडनाव असे द्या की कुणाला काही विचारावेसे वाटणार नाही."

आजचा लेख या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. हे वाक्य बोलणारा माणूस भित्रा नाही. उभे आयुष्य चळवळीत घालवलेला माणूस आहे. तरीही पाहुणा म्हणून परक्या शहरात जाताना त्याला पहिले सुचते ते नाव झाकणे. मुक्कामाची वस्ती निवडताना भाडे, अंतर, पार्किंग हे सगळे पाहावेच. पण आपल्यापैकी अनेकांच्या मनात त्याआधी एक नकाशा तयार असतो: इथे चालेल, इथे विचारतील, इथे नकोच. हा नकाशा आपण काढलेला नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की तो नकाशा आता आपण मोडला पाहिजे, आणि कसा मोडायचा याची रीतही ठरवली पाहिजे.

बाबासाहेबांचे तीन मुक्काम

बाबासाहेबांच्या चरित्रातल्या सभा, परिषदा, ग्रंथ आपल्याला पाठ असतात. त्यांचे मुक्काम मात्र आपण नीट वाचत नाही. मी तीन सांगतो. तिन्ही नदीकाठच्या गावांतले आहेत.

पहिला १९१७ सालचा, विश्वामित्री नदीवरच्या बडोद्यातला. परदेशात शिकून आलेला हा तरुण संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेला. शहरात राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत हे माहीत होते. म्हणून ते पारशांच्या सराईत गेले. सदरा-कुस्ती नाही हे पाहून तिथल्या रखवालदाराने ओळखले की हा पारशी नव्हे. शेवटी तडजोड झाली ती अशी की वहीत पारशी नाव लिहायचे आणि रोज दीड रुपया भाडे द्यायचे. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायचा हुकूम झाला. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या माणसाने कामाठी बागेत बसून काढले.

दुसरा मुक्काम ऑक्टोबर १९२९ चा, चाळीसगावचा. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. परतताना चाळीसगावच्या महार बांधवांनी आग्रह धरला की एक रात्र आमच्या वस्तीत राहा. स्टेशनवर एकही टांगेवाला महार माणसाला गाडीत बसवून नेईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला टांगेवाला नाही. वस्तीतलाच एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलाशी चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे. बॅरिस्टर माणसापेक्षा साधा टांगेवालासुद्धा स्वतःला उंच समजतो, हे त्यांनी त्यातून दाखवून दिले.

तिसरा मुक्काम ऑक्टोबर १९५६ चा, नागपूरचा. नाग नदीवरून नाव पडलेल्या या शहरात धम्मदीक्षेसाठी आलेले बाबासाहेब सीताबर्डीतल्या श्याम हॉटेलात उतरले. शहराच्या भर बाजारपेठेत, स्वतःच्या नावाने. पत्रकार तिथेच त्यांना भेटायला आले. त्याच वेळी लाखो माणसे नागपुरात पोहोचत होती आणि मिळेल त्या आडोशाला झोपत होती.

पहिल्या मुक्कामात नाव बदलावे लागले. दुसऱ्यात नाव होते, पण त्या नावामुळे गाडीवानाने पाठ फिरवली. तिसऱ्यात नाव तेच होते आणि शहराने ते नाव आपल्या मुख्य रस्त्यावर स्वीकारले. या मधल्या ३९ वर्षांत संविधान लिहिले गेले, कायदा झाला आणि चळवळ उभी राहिली. आज आपण तिसऱ्या मुक्कामाचे वारस आहोत. मग बुकिंगच्या वेळी आपण पहिल्या मुक्कामाकडे का जातो?

"आता कोण विचारतं?"

यावर लगेच उत्तर येते की आता जात कोण विचारतं, मोबाईलवर बुकिंग होते, पैसे भरले की खोली मिळते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. महामार्गालगतच्या बहुतेक लॉजना आधार कार्डावरच्या आडनावापेक्षा तुमच्या पैशात जास्त रस असतो. शहराने आणि बाजाराने जातीची काही बंधने सैल केली आहेत, हे बाबासाहेबांनीही ओळखले होते. म्हणून तर ते खेड्यातून बाहेर पडा म्हणत होते.

पण सैल होणे वेगळे आणि सुटणे वेगळे. आमच्याच सहलीसाठी चौकशी केली तेव्हा एका ठिकाणी फोनवरच्या माणसाने माणसे किती, दिवस किती एवढे विचारून झाल्यावर सहज विचारले, "मंडळी कुठल्या समाजाची?" सांगितल्यावर तो म्हणाला, विचारून कळवतो. फोन आला नाही. आता हा नकार होता की विसरणे, हे कोण ठरवणार? आजची जात अशीच असते. ती लाठ्या घेऊन दारात येत नाही, "विचारून कळवतो" म्हणते.

मोबाईलमुळे नाव झाकले जात नाही, उलट ते आधी पोहोचते. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी एअरबीएनबीवर एक प्रयोग केला होता. सगळी माहिती सारखी ठेवून फक्त पाहुण्यांची नावे बदलली. ज्यांची नावे कृष्णवर्णीयांची वाटत होती, त्यांच्या विनंत्या स्वीकारल्या जाण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी निघाले. आपल्याकडे डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत असाच अभ्यास केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावाने घर मागणाऱ्याला घर मिळणे किती अवघड आहे हे त्यात दिसले. भाड्याचे घर आणि दोन रात्रींची खोली यांत फरक आहे हे मान्य. पण दार उघडणारा हात एकच असतो.

"शुद्ध शाकाहारी" पाटीचेही तसेच. स्वतःच्या स्वयंपाकघरात काय शिजवायचे हा मालकाचा प्रश्न आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण तुम्ही घरी काय खाता, बाहेर जाऊन काय खाणार, हा प्रश्न जेव्हा खोली देण्याआधी येतो तेव्हा तो ताटाबद्दल राहत नाही. तो जात शोधण्याचा सभ्य मार्ग होतो.

कायद्याने दिलेली किल्ली

इथे एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असली पाहिजे. संविधानाच्या कलम १५ चा दुसरा उपखंड आपण समानतेचे कलम म्हणून मोघम सांगतो. त्यात नावे घेऊन काय लिहिले आहे ते वाचा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत प्रवेश. आणि सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांसाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर. हॉटेल आणि नदीचा घाट, दोन्ही एकाच उपखंडात. नदीकाठच्या शहरात जाणाऱ्या पाहुण्याला लागते ते सगळे त्यात आहे. चवदार तळ्याचा आणि बडोद्याच्या सराईचा अनुभव असलेला माणूस मसुदा समितीच्या अध्यक्षपदी होता, हे ती यादी वाचताना विसरता येत नाही.

त्यापुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आहे. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेल येते, धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना येतात, नदी आणि स्नानघाट येतात. हॉटेल या शब्दात लॉजिंग हाऊस आणि खानावळही धरली आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारला तर किमान एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने कैद व दंड. आणि बाराव्या कलमात एक महत्त्वाची गोष्ट आहे: गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते, उलटे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर असते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध बांधवही अनुसूचित जातीत येतात, त्यामुळे "तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला हा कायदा कसा?" असे कुणी म्हटले तर गप्प बसू नका.

मग या कायद्याचा वापर इतका कमी का? कारण प्रवासात कुणी पोलीस ठाण्यात जात नाही. लेकरे झोपेला आलेली असतात, बायकोच्या हातात पिशव्या असतात, पुढच्या गल्लीत दुसरे लॉज असते. माणूस अपमान गिळतो आणि पुढे जातो. आणि घरी परतल्यावर फक्त एवढे सांगतो की त्या भागात उतरू नका. आपल्या मनातला तो नकाशा अशा रात्रींनी तयार झालेला आहे.

त्रिरश्मीच्या भिंतीवर कोरलेला मुक्काम

नाशिकमध्ये कुठे उतरायचे, याचे सर्वांत जुने उत्तर त्रिरश्मी लेण्यांत आहे. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ती बौद्ध लेणी आहेत. दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एकात त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे. त्यात प्रवाशांसाठी बांधलेल्या निवासांचा उल्लेख आहे: भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक. गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर आणि शूर्पारक म्हणजे आपल्या शेजारचे नालासोपारा. शिवाय तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचेही त्यात लिहिले आहे. हा माणूस ब्राह्मणांनाही गाई आणि गावे दान देत होता, तेही त्याच शिलालेखात आहे. ते लपवायचे कारण नाही.

पण लेण्याचे दान पाहा. ते चारी दिशांच्या संघाला दिले आहे. वर्षावासाला येणारा भिक्खू उत्तरेचा असो की दक्षिणेचा, त्याला तिथे राहता यावे. त्याच्या चीवराचा खर्च चालावा म्हणून ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले, एका श्रेणीकडे २००० आणि दुसऱ्या श्रेणीकडे १०००, आणि व्याजावर ते चालत राहावे अशी व्यवस्था केली. म्हणजे विणकरांच्या विश्वासावर मुक्कामाची सोय उभी होती. हा निवाऱ्याचा बौद्ध विचार: येणाऱ्याची दिशा विचारायची नाही, कारण चारही दिशा त्याच्याच आहेत.

याच्या शेजारी नंतरच्या काळातली तीर्थक्षेत्रे ठेवून पाहा. नदीकाठी मठ उभे राहिले, धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि कित्येकांच्या दारावर ज्ञातीचे नाव लागले. चंद्रभागेकाठच्या पंढरपुरात विठ्ठल सगळ्यांचा म्हणायचे, पण वारकरी झोपायचा आपापल्या जातीच्या आसऱ्याला. अस्पृश्य वारकऱ्याला तोही नव्हता. गाडगेबाबांनी तिथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली ती त्यासाठी. पुढे १९४९ मध्ये ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. हातात खराटा घेतलेल्या त्या माणसाने देऊळ बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. नाशिकलाही गोदाकाठी गाडगेबाबांची धर्मशाळा आहे. नदीकाठी राहायचे तर देवाच्या दारातच राहावे लागते असे नाही.

पंचवटी सोडायची का?

आता आपल्याच कार्यकर्त्यांच्या आक्षेपाकडे येतो. ते म्हणतात, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक. रामकुंडाच्या बाजूला आपले काय आहे? तिथे पैसे कशाला घालवायचे?

मी म्हणतो, पंचवटीत आपला इतिहास आहे. २ मार्च १९३० रोजी हजारो स्त्री-पुरुषांची मिरवणूक काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षे धरून ठेवला. गावोगावहून आलेल्या सत्याग्रहींना या शहरात राहायला कुणी लॉज दिला नव्हता. ते आपल्याच लोकांच्या वस्त्यांच्या आधाराने टिकले. आणि बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ च्या पत्रात दादासाहेबांना स्पष्ट लिहिले की हा सत्याग्रह लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून नव्हता, त्यांना जागे करण्यासाठी होता. मग ज्या रस्त्यांवर आपण जागे झालो ते रस्ते आपण का सोडावेत? पंचवटीत उतरा, घाटावर जा, पूजा करू नका. सकाळी लेकरांना हात धरून काळारामाच्या दरवाजापर्यंत न्या आणि सांगा की हा दरवाजा बंद केला होता आणि त्यासमोर तुझी पणजी बसली होती. हे शिक्षण कुठल्या रिसॉर्टमध्ये मिळणार?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बाबासाहेबांच्या चळवळीनेच १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी केली होती. मग आपण आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांकडे उतरावे, दुसऱ्याच्या दारात मान मिळवायला कशाला जायचे? नाशिकरोडची मावशी हेच म्हणेल, आणि तिच्या हातची भाकरी कुठल्याही हॉटेलपेक्षा चांगली असेल.

मावशीकडे जरूर उतरा. पण १९४२ ची मागणी नीट समजून घ्या. ती मागणी जमीन, सत्ता आणि स्वावलंबन यांसाठी होती, गावाच्या बहुसंख्येच्या मुठीतून सुटण्यासाठी होती. ती लपण्याची मागणी नव्हती. स्वतःच्या बळावर वेगळे राहणे आणि भीतीने कोपऱ्यात राहणे हे बाहेरून सारखे दिसते, आतून नाही. चाळीसगावला बाबासाहेब वस्तीत गेले ते वस्तीवरच्या प्रेमाने, आणि नागपूरला बाजारात उतरले ते हक्काने. दोन्ही त्यांचीच निवड होती. आपल्यालाही दोन्ही हवे आहे.

म्हणून माझी कसोटी अशी. एखाद्या वस्तीत उतरायचे नाही असे ठरवताना स्वतःला विचारा, कारण काय? भाडे परवडत नाही, लांब आहे, आवाज फार आहे, लेणी दुसऱ्या बाजूला आहेत, ही कारणे चालतील. "तिथे आपल्याला विचारतील" हे एकच कारण असेल तर तिथेच चौकशी करा, आणि खऱ्या नावाने करा.

एका पोस्टमनची यादी

हे एकट्यादुकट्याने होणार नाही, कारण रात्री अकराला दोन लेकरांना घेऊन उभ्या असलेल्या बाईला सत्याग्रह करायला सांगणे हा निर्दयपणा आहे. तिला आधी माहिती हवी. इथे अमेरिकेतल्या एका पोस्टमनकडून शिकण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक पुस्तिका काढायला सुरुवात केली. कुठल्या शहरात कुठले हॉटेल, कुठले घर, कुठले गॅरेज, कुठला पेट्रोल पंप आपल्याला सन्मानाने वागवतो, याची ती यादी होती. प्रवासी आपले अनुभव कळवत आणि यादी वाढत जाई. ज्या दिवशी समान हक्क मिळतील त्या दिवशी हे पुस्तक काढावे लागणार नाही, अशी आशा त्या पुस्तिकेतच व्यक्त केलेली होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला वर्णभेद बेकायदा ठरवला आणि काही वर्षांतच ती पुस्तिका थांबली.

आपली परिस्थिती उलटी आहे. आपल्याकडे कायदा १९५५ चा आहे आणि यादी अजून झालेली नाही. एप्रिलमध्ये महूला, ऑक्टोबरमध्ये नागपूर आणि येवल्याला, डिसेंबरमध्ये मुंबईला, १ जानेवारीला भीमाकाठी कोरेगावला, आपल्याइतका प्रवास करणारा समाज महाराष्ट्रात वारकऱ्यांखेरीज दुसरा नसेल. तरी मुक्कामाची माहिती आपण फक्त कुजबुजत एकमेकांना देतो.

माझा प्रस्ताव असा आहे. माजिवडा, कळवा, कल्याण, उल्हासनगर, डोंबिवलीतल्या मंडळांनी आणि विहारांनी एक वही सुरू करावी. सुरुवात नाशिकपासून करावी, कारण तिथला अनुभव आपल्याकडे सर्वांत जास्त आहे. नियम मोजके असावेत.

एक, फक्त स्वतःचा अनुभव लिहायचा. ऐकीव गोष्ट नको. तारीख लिहायची, पावती जपायची.

दोन, चांगला अनुभव आधी लिहायचा. ज्याने नाव पाहून चेहरा बदलला नाही, एकट्या बाईला उलटसुलट प्रश्न विचारले नाहीत, लेकरांसाठी रात्री गरम पाणी दिले, त्याचे नाव यादीत वर यावे. तो कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे पाहायचे नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला परिषदेच्या मांडवासाठी जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली, हे विसरू नका.

तीन, वाईट अनुभव आला तर जाहीर बदनामी करण्याआधी मंडळाच्या वतीने लेखी विचारणा करायची. उत्तर आले तर तेही नोंदवायचे. नकार स्पष्ट असेल तर कलम ४ खाली तक्रार, आणि तक्रारीला मंडळाचे चार लोक सोबत. एकट्या कुटुंबावर हे ओझे टाकायचे नाही.

चार, आपल्या वस्तीतली खानावळ, आपल्या माणसाची रिक्षा, आपल्या भगिनींच्या बचत गटाचे जेवण हेही यादीत असावे. मुक्काम कुठेही असो, एक जेवण तरी वस्तीत व्हावे.

पाच, यादी उघडी असावी. आपल्यासाठी केलेली यादी मातंग, चर्मकार, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि मुस्लिम बांधवांनाही उपयोगी पडली पाहिजे. आणि हीच कसोटी आपल्या दारालाही लावली पाहिजे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणारी मराठवाड्या-विदर्भातली माणसे ठाण्यात नातेवाईक शोधतात. माजिवड्यात ज्यांची स्वतःची घरे झाली आहेत, ज्यांची एक खोली रिकामी असते, त्यांनी त्या दिवसांत ती उघडावी, आणि येणाऱ्याची पोटजात विचारू नये. चारी दिशांचा संघ म्हणायचे तर त्याची सुरुवात आपल्या जिन्यापासून होते.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थाची मोठी स्नाने आहेत. त्या काळात शहरातल्या खोल्यांचे भाव चढतील, सरकारी पैसा घाटांवर, रस्त्यांवर, निवासांवर खर्च होईल. तो पैसा आपल्याही करातून जातो. ज्या घाटावर सरकारी पैसा खर्च होतो तो घाट कलम १५ प्रमाणे आपलाही आहे. आपल्याला तिथे डुबकी मारायची नाही. पण तिथून दूर राहायचे की जवळ, हे ठरवणारे आपण असलो पाहिजे.

आमच्या मंडळाचे अखेर ठरले आहे. पहिली रात्र पाथर्डी फाट्याला, म्हणजे सकाळी ऊन चढण्याआधी त्रिरश्मीच्या पायऱ्या चढता येतील आणि पायथ्याच्या बुद्ध स्मारकात वंदना करता येईल. दुपारचे जेवण नाशिकरोडला मावशीकडे. दुसरी रात्र पंचवटीत, काळाराम मंदिरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. तिथून पुढे येवला. बुकिंग मंडळाच्या नावाने होणार आहे, आणि मंडळाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आहे. कुणी विचारले तर पूर्ण नाव मोठ्याने वाचून दाखवायचे आहे.

वहीचे पहिले पान नाशिकहून परतल्यावर इथेच टाकू. तुमचे अनुभवही पाठवा, चांगले आधी.

जय भीम! जय संविधान!